औद्योगिक रेडिओग्राफी शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआय किंवा डिप्लोमा झाल्यावर वेल्डिंग तपासणीच्या क्षेत्रात येऊ पाहणारी मुले-मुली, फाउंड्रीत गुणवत्ता विभागात काम करणारे कर्मचारी आणि आपल्या मुलाने ‘किरणांचे काम’ धरावे की नाही या विचारात असलेले पालक यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे भारतातील परिस्थितीला धरून आहेत, आणि त्यांत गॅमा रेडिओग्राफीवर अधिक भर आहे, कारण प्रत्यक्ष साइटवर नवशिक्याची गाठ बहुधा तिच्याशीच पडते.

रेडिओग्राफी म्हणजे नेमके काय? वस्तू न कापता तिच्या आतले कसे दिसते?

विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. हाडाचे छायाचित्र घेण्यामागे जे तत्त्व आहे, तेच लोखंडाच्या जोडाचे छायाचित्र घेण्यामागेही आहे. किरण धातूतून जाताना काही प्रमाणात शोषले जातात. जेथे धातू जाड आणि घन तेथे अधिक, जेथे पोकळी किंवा हलका पदार्थ तेथे कमी. वस्तूच्या एका बाजूला किरणांचा उगम आणि दुसऱ्या बाजूला फिल्म ठेवली, की आतल्या पोकळीतून जास्त किरण पार होतात आणि फिल्मवर तेवढी जागा अधिक काळी उमटते. म्हणून वेल्डमध्ये अडकलेला वायूचा बुडबुडा गडद ठिपका होऊन दिसतो, तर टिग वेल्डिंगच्या इलेक्ट्रोडमधून तुटून आत राहिलेला टंगस्टनचा कण, पोलादापेक्षा जड असल्यामुळे, पांढरा चमकतो.

ही सावली आहे, वस्तूचा छेद नव्हे, हे पहिल्याच दिवशी मनात पक्के करावे. पंचवीस मिलिमीटर जाडीतील सगळे काही एका सपाट चित्रात एकावर एक येऊन पडते, त्यामुळे दोष पृष्ठभागाजवळ आहे की खोलवर, हे एका फिल्मवरून सहसा सांगता येत नाही.

क्ष-किरण यंत्र आणि गॅमा सोर्स यांत फरक काय? आधी कोणते शिकावे?

क्ष-किरण यंत्राला वीज लागते आणि वीज बंद केली की किरण थांबतात. त्याचे व्होल्टेज कमी-जास्त करता येत असल्यामुळे पातळ वस्तूंवर चित्राचा उठाव, म्हणजे कॉन्ट्रास्ट, उत्तम मिळतो. मात्र तीस फूट उंचीवरील पाइप रॅकवर किंवा शेतातून जाणाऱ्या पाइपलाइनवर ते यंत्र, त्याचे थंड करण्याचे साधन आणि जनरेटर नेणे जिकिरीचे होते. गॅमा सोर्सला वीज लागत नाही. किरणोत्सारी पदार्थाची काही मिलिमीटरची धातूची कुपी क्षीण (डिप्लिटेड) युरेनियमच्या कवचाच्या पेटीत ठेवलेली असते, आणि सगळी पेटी मिळून साधारण वीस-पंचवीस किलोची असते. साइटवर तिला सर्वजण कॅमेराच म्हणतात. क्रँक फिरवला की केबलच्या टोकाला जोडलेला सोर्स कॅमेऱ्यातून बाहेर पडून गाइड ट्यूबमधून जोडापर्यंत जातो, आणि उलट फिरवला की परत येतो.

भारतात सर्वाधिक वापर इरिडियम-१९२ चा होतो. पोलादाच्या सुमारे २० ते १०० मिलिमीटर जाडीसाठी तो योग्य मानला जातो. पातळ पाइपसाठी सेलेनियम-७५ आणि जाड ओतीव कामासाठी कोबाल्ट-६० वापरतात. देशात हे सोर्स पुरवण्याचे आणि कॅमेरे बनवण्याचे काम अणुऊर्जा विभागाची ‘ब्रिट’ ही नवी मुंबईतील वाशी येथील संस्था करते. तिचा रोली हा कॅमेरा अनेक वर्कशॉपमध्ये दिसेल.

आधी कोणते शिकावे हा प्रश्न बहुधा आपल्या हातात नसतो, पण शक्य असेल तर क्ष-किरण यंत्रावर फिल्मची भाषा शिकून मग गॅमाकडे वळावे. किलोव्होल्ट बदलले की चित्र कसे बदलते हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला इरिडियमच्या फिल्मची मर्यादा लवकर समजते.

सोर्स ‘उतरतो’ म्हणजे काय?

किरणोत्सारी पदार्थाची तीव्रता काळाबरोबर घटत जाते. इरिडियम-१९२ चा अर्धायुकाल सुमारे ७४ दिवस आहे. आज ४० क्युरीचा (क्युरी हे सोर्सच्या तीव्रतेचे एकक) सोर्स आला तर ७४ दिवसांनी तो २० क्युरीचा आणि आणखी ७४ दिवसांनी १० क्युरीचा राहतो. ज्या जोडाला आज एक मिनिट पुरते त्याला तेव्हा चार मिनिटे लागतात. दिवसाला सुमारे एक टक्का घट, असा ठोकताळा लक्षात ठेवावा. सेलेनियम-७५ चा अर्धायुकाल सुमारे १२० दिवसांचा आणि कोबाल्ट-६० चा सव्वापाच वर्षांहून थोडा अधिक आहे. सोर्ससोबत येणारा घटीचा तक्ता कॅमेऱ्याजवळ असलाच पाहिजे.

कोणती प्रमाणपत्रे लागतात? लेव्हल टू केले की काम करता येते का?

या एका प्रश्नावर सर्वाधिक गैरसमज आहेत आणि त्यात अनेकांचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

प्रमाणपत्रांचे दोन वेगळे प्रवाह आहेत. पहिला कौशल्याचा: फिल्म घेता येते का, वाचता येते का, प्रक्रिया लिहिता येते का, याची परीक्षा. त्यात आयएसओ ९७१२, आपले आयएस १३८०५ आणि अमेरिकन संस्थेची एसएनटी-टीसी-१ए ही शिफारसवजा पद्धती येतात. तिन्हींमध्ये एक, दोन, तीन अशा पातळ्या आहेत. पहिल्या पातळीचा माणूस लेखी सूचनेनुसार काम करतो, दुसऱ्या पातळीचा फिल्मचा निकाल देतो, तिसऱ्या पातळीचा पद्धती ठरवतो आणि इतरांची पारख करतो. एसएनटी-टीसी-१ए मध्ये प्रमाणपत्र मालक संस्था देते, त्यामुळे नोकरी बदलली की ते आपोआप सोबत येत नाही. आयएसओ ९७१२ मध्ये स्वतंत्र संस्था प्रमाणपत्र देते आणि ते पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

दुसरा प्रवाह किरणोत्सार सुरक्षेचा. भारतात किरणोत्सारी सोर्स किंवा औद्योगिक क्ष-किरण यंत्र हाताळण्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचे, म्हणजे एईआरबीचे, नियंत्रण आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. त्याला मान्य असलेले आरटी-१ प्रशिक्षण रेडिओग्राफरसाठी आणि आरटी-२ साइटची जबाबदारी घेणाऱ्यासाठी असते. याखेरीज प्रत्येक संस्थेत मंडळाने मान्यता दिलेला किरणोत्सार सुरक्षा अधिकारी, म्हणजे आरएसओ, असावा लागतो.

म्हणून केवळ आठ-दहा दिवसांच्या वर्गात मिळालेले ‘लेव्हल टू’ हे सोर्स हाताळण्याचा परवाना नाही. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला एकच प्रश्न स्पष्ट विचारावा: या प्रशिक्षणानंतर एईआरबीच्या नोंदीत रेडिओग्राफर म्हणून माझे नाव लागू शकते का? उत्तर गुळमुळीत मिळाले तर पैसे भरू नयेत.

चष्मा असेल तर चालते का?

चालते. जवळची नजर, चष्म्यासह किंवा चष्म्याविना, एका तरी डोळ्याने ठरावीक बारीक अक्षरे वाचण्याइतकी असावी आणि ती दरवर्षी तपासावी. करड्या रंगाच्या छटांतील फरकही ओळखता यावा लागतो.

गणित किती लागते?

दहावीच्या पलीकडचे फारसे नाही, पण जे लागते ते पक्के लागते. तीन गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, अंतराच्या वर्गाचा व्यस्त नियम. सोर्स आणि फिल्म यांतील अंतर ५० सेंटिमीटरवरून ७० केले की वेळ जवळजवळ दुप्पट होते, कारण सत्तरचा वर्ग पन्नासच्या वर्गाच्या दुपटीजवळ आहे. दुसरी, वर सांगितलेली घट. तिसरी, सावलीच्या कडेचा अस्पष्टपणा, ज्याला भौमितिक अनशार्पनेस म्हणतात. सोर्स बिंदू नसतो, त्याला आकार असतो, म्हणून सावलीची कड पसरट होते. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली हात भिंतीपासून दूर नेला की सावली फिसकटते तसेच. सोर्सचा आकार गुणिले जोडाची जाडी भागिले सोर्सपासून जोडापर्यंतचे अंतर, एवढेच सूत्र. ३ मिलिमीटरचा सोर्स, २५ मिलिमीटर जाडी आणि ५०० मिलिमीटर अंतर असेल तर अस्पष्टपणा ०.१५ मिलिमीटर येतो. वेळ वाचवण्यासाठी कोणी सोर्स १०० मिलिमीटरवर आणला तर तोच आकडा ०.७५ होतो, आणि एएसएमई या अमेरिकन यंत्र-अभियंता संस्थेच्या संहितेत ५० मिलिमीटरपेक्षा पातळ वस्तूसाठी मर्यादा ०.५१ आहे. सोर्स जवळ आणल्याने शॉट सुमारे साडेसतरापट लवकर होतो, हा मोह किती मोठा आहे ते यावरून कळेल. फिल्म काळी होते, नंबर दिसतात, सगळे ठीक वाटते. फक्त बारीक भेग त्या धूसर कडेत विरघळून जाते.

डिजिटल आले आहे, तर डार्करूम शिकण्यात वेळ का घालवावा?

कॉम्प्युटेड रेडिओग्राफीच्या प्लेट आणि सपाट डिजिटल डिटेक्टर वाढत आहेत, आणि पुढे त्यांचेच काम अधिक असेल याबद्दल मला शंका नाही. तरीही बऱ्याच ठिकाणी आजही फिल्मच वापरली जाते, आणि डार्करूममध्ये शिकलेला माणूस चित्रातील खोटे आणि खरे वेगळे करायला शिकतो.

डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला साधारण पाच मिनिटे, मग स्टॉप बाथ, मग फिक्सरमध्ये फिल्म पारदर्शक व्हायला लागलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ, आणि मग वाहत्या पाण्यात धुणे, हा क्रम सोपा आहे. अवघड आहे ते वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये डेव्हलपरचे तापमान टिकवणे. द्रावण तापले की फिल्म लवकर काळी होते आणि दाणेदार होते. मग कोणीतरी ती मिनिटभर आधीच बाहेर काढतो, आणि घनता, म्हणजे फिल्मचा काळेपणा, बरोबर दिसली तरी उठाव गेलेला असतो. टाकीत थर्मामीटर न घालता डेव्हलप केलेल्या फिल्मवर विश्वास ठेवू नये. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, ती काढून घेता येते. ते द्रावण गटारात ओतू नये.

फिल्म वाचायला किती दिवसांत येते?

ठळक दोष काही आठवड्यांत ओळखू येतात. खात्रीने निकाल देण्यासाठी मात्र शेकडो फिल्म जाणत्या माणसाशेजारी बसून पाहाव्या लागतात. याला जवळची वाट मला तरी सापडलेली नाही.

वाचनाचा क्रम चुकला की वाचन चुकते. नवशिका फिल्म व्ह्यूअरवर लावतो आणि थेट दोष शोधू लागतो. त्याआधी ही फिल्म वाचण्यायोग्य आहे का, ते ठरवायचे असते. जोडाचा क्रमांक, वेल्डरची खूण, तारीख आणि अंतराचे आकडे फिल्मवर आहेत का? आयक्यूआय, म्हणजे चित्राची गुणवत्ता पारखण्यासाठी जोडावर ठेवलेला नमुना, ज्याला जुनी माणसे अजून पेनी म्हणतात, त्याची आवश्यक तार किंवा छिद्र दिसते का? घनता मर्यादेत आहे का? गॅमा फिल्मसाठी एएसएमई घनता २ ते ४ मागते. घनता २ म्हणजे व्ह्यूअरच्या प्रकाशापैकी एक टक्का पार होतो आणि ४ म्हणजे एक टक्क्याचा शंभरावा भाग, म्हणूनच भरपूर प्रकाशाचा व्ह्यूअर आणि अंधारी खोली लागते. उन्हातून आल्या आल्या फिल्म पाहायला बसू नये. डोळ्यांना काही मिनिटे द्यावीत.

कॅसेटच्या मागे चिकटवलेले शिशाचे ‘बी’ अक्षर हीही या तपासणीतलीच गोष्ट. ते अक्षर गडद पार्श्वभूमीवर फिकट उमटले तर मागच्या भिंतीवरून किंवा जमिनीवरून परतलेल्या किरणांनी फिल्म खराब केली आहे असे समजावे. मी शिकाऊ असताना काँक्रीटच्या फरशीला टेकलेल्या एका पाइपच्या ओळीने अकरा फिल्म घेतल्या होत्या, आणि अकराही फिल्मवर तो ‘बी’ हसत होता. कॅसेटमागे शिशाचा पत्रा ठेवण्याचे मी विसरलो होतो. सगळे शॉट दुसऱ्या रात्री पुन्हा घेतले. त्यानंतर हा पत्रा मी कधी विसरलो नाही.

फिल्म पात्र ठरली की मग दोष. वेल्डच्या मध्यभागी सरळ, धारदार काळी रेषा दिसली तर मुळापर्यंत धातू पोहोचलेला नाही, म्हणजे लॅक ऑफ पेनेट्रेशन, असण्याची शक्यता मोठी. वेडावाकडा, कडा खडबडीत असलेला डाग बहुधा स्लॅगचा, म्हणजे वेल्डमध्ये अडकलेल्या मळीचा. गोल, गुळगुळीत ठिपके वायूचे. भेग बारीक, नागमोडी, कुठे ठळक कुठे पुसट, आणि टोकाला निमुळती होत जाते. एएसएमई विभाग ८ नुसार पूर्ण रेडिओग्राफीत भेग, अपूर्ण फ्यूजन (धातू एकजीव न होणे) आणि अपूर्ण पेनेट्रेशन यांना लांबी न मोजता नाकारायचे असते. स्लॅग आणि ठिपक्यांना मात्र जाडीनुसार ठरलेली मर्यादा आहे. ओतीव कामात पद्धत निराळी. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव भागातील फाउंड्रीत पोलादी कास्टिंग तपासताना ग्राहकाने सांगितले असेल तर एएसटीएम ई४४६ या मानकाची संदर्भचित्रे शेजारी लावून, वायूची छिद्रे, वाळू-स्लॅग आणि श्रिंकेज (धातू थिजताना आकसल्याने पडलेल्या पोकळ्या) यांची तीव्रता एक ते पाच अशा श्रेणींत ठरवतात.

शेवटी फिल्मवरचे खोटे दोष. बोटाने फिल्म दुमडल्यास चंद्रकोरीसारखी खूण उमटते, कोरड्या हवेत फिल्म झटक्याने काढल्यास झाडाच्या फांद्यांसारखी विजेची खूण येते, ओरखडा भेगेसारखा दिसतो. फिल्म तिरपी धरून पृष्ठभागावर प्रकाश परावर्तित करून पाहिले की ओरखडा उघडा पडतो. तरीही शंका राहिली तर शॉट पुन्हा घ्यावा. एका फिल्मचा खर्च वाचवण्यासाठी चांगला जोड कापणे हे वेल्डरवर अन्याय करणारे आहे, आणि वाईट जोड सोडणे तर त्याहून वाईट.

फिल्मवर भेग दिसली नाही, म्हणजे भेग नाहीच ना?

नाही, असे म्हणता येत नाही. किरणांच्या दिशेला समांतर असलेली भेग त्यांच्या मार्गातील धातूची जाडी कमी करते म्हणून उमटते. तीच भेग किरणांना आडवी पडली तर जाडीत फरक नगण्य असतो आणि फिल्म स्वच्छ येते. प्लेटमधील पापुद्रे, म्हणजे लॅमिनेशन, याच कारणाने दिसत नाहीत, आणि वेल्डच्या बाजूच्या भिंतीवरील फ्यूजनचा अभाव अनेकदा हुलकावणी देतो. अशा सपाट दोषांसाठी अल्ट्रासोनिक चाचणी अधिक भरवशाची आहे. जो रेडिओग्राफर आपल्या पद्धतीची ही मर्यादा ग्राहकाला स्वतःहून सांगतो, त्याच्या अहवालाला मी अधिक मान देतो.

हे काम किती धोक्याचे आहे? स्पष्ट सांगावे.

नियम पाळले तर अनेक लोक आयुष्यभर हे काम करून सुखरूप निवृत्त होतात. नियम मोडले तर काही मिनिटांत कायमची इजा होऊ शकते. दोन्ही वाक्ये खरी आहेत.

आकडे पाहू. २० क्युरीचा इरिडियम सोर्स उघडा असेल तर एक मीटरवर ताशी सुमारे १०० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा मिळते. भारतात या क्षेत्रातील कर्मचाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० आहे. म्हणजे त्या सोर्सपासून एक मीटरवर बारा मिनिटे उभे राहिल्यास वर्षाचा हिस्सा संपतो. दहा मीटरवर ताशी १ मिलिसिव्हर्ट, शंभर मीटरवर त्याचाही शंभरावा भाग. सामान्य नागरिकासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट असल्यामुळे साइटवर दोरी बांधून, फलक आणि दिवे लावून, माणूस उभा करून परिसर बंद करावा लागतो, आणि म्हणूनच हे काम बहुधा रात्री, इतर कामगार नसताना होते. कोलिमेटर लावला तर किरण एकाच दिशेला जातात आणि दोरी पुष्कळ आत आणता येते. सुमारे पाच मिलिमीटर शिसे इरिडियमची मात्रा निम्म्यावर आणते.

वेळ, अंतर आणि आडोसा हे तीन शब्द प्रत्येक वर्गात शिकवतात. माझ्या मते त्यांच्या आधी चौथा येतो: सर्व्हे मीटर, म्हणजे किरणांची पातळी दाखवणारे हातातले यंत्र. क्रँक पूर्ण फिरला, सोर्स आत गेल्याचा आवाज आला, कॅमेऱ्याची खूण बदलली, तरी चालू सर्व्हे मीटर हातात धरून कॅमेऱ्याच्या सर्व बाजू आणि गाइड ट्यूब टोकापर्यंत तपासल्याशिवाय फिल्मला हात लावू नये. प्रत्येक शॉटनंतर. रात्रीच्या चाळिसाव्या शॉटनंतरसुद्धा. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, उष्णता जाणवत नाही. मीटरशिवाय ते कळण्याचा दुसरा मार्ग माणसाला दिलेला नाही.

१९९९ च्या फेब्रुवारीत पेरू देशातील यानांगो जलविद्युत प्रकल्पावर ३७ क्युरीचा इरिडियम सोर्स कॅमेऱ्यातून निसटला. एका वेल्डरला तो जमिनीवर सापडला. धातूचा एक लहानसा तुकडा समजून त्याने तो पॅंटच्या मागच्या खिशात ठेवला आणि सुमारे सहा तास तो तेथेच राहिला. जीव वाचला, पण अखेर त्याचा पाय कापावा लागला. त्याने कोणताच नियम मोडला नव्हता, कारण त्याला नियम माहीतच नव्हते. सोर्सची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी तो आत परतला आहे की नाही ते मीटरने पाहिले असते, तर त्या खिशापर्यंत तो पोहोचला नसता.

सोर्स कॅमेऱ्यात परत आला नाही तर काय करावे?

धावत जाऊन पाहू नये. अंतर वाढवावे, मीटरने वाचन घेऊन दोरी मागे न्यावी, कोणालाही आत सोडू नये आणि आरएसओला कळवावे. जागा सोडून जाऊ नये, पहारा ठेवावा. सोर्सला हात लावणे हा पर्याय कोणत्याही परिस्थितीत नाही. लांब चिमटे, शिशाच्या पिशव्या आणि आणीबाणीचे कंटेनर यांच्या साहाय्याने, आधी सराव केलेल्या माणसांनीच तो सुरक्षित करायचा असतो. आपल्या साइटवर ही साधने प्रत्यक्ष आहेत का, हे पहिल्या दिवशी डोळ्यांनी पाहून घ्यावे.

तपासलेला पाइप किरणोत्सारी होतो का?

होत नाही. इरिडियम किंवा कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा पोलादाला किरणोत्सारी करण्याइतकी नसते. शॉट संपला, सोर्स आत गेला, की पाइपला लगेच हात लावता येतो. फिल्मही तशीच निर्धोक.

टीएलडी बॅज लावला की संरक्षण मिळते का?

बॅज संरक्षण देत नाही, तो फक्त मिळालेली मात्रा नोंदवतो, आणि तीही प्रयोगशाळेत वाचल्यावर कळते. त्या क्षणी कळावे म्हणून आवाज करणारे खिशातले डोसमीटर सोबत ठेवावे. बॅज छातीवर, स्वतःचाच लावावा. ‘मात्रा जास्त येईल, काम थांबेल’ या भीतीने बॅज खोलीवर ठेवून जाणारे लोक असतात. ते स्वतःच्याच आरोग्याची नोंद पुसत असतात.

स्त्रियांना हे काम करता येते का?

येते, आणि फिल्म वाचनात उत्तम काम करणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. गर्भधारणा झाल्याचे कळताच संस्थेला कळवावे, कारण त्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला मिळणारी मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवण्याचे बंधन आहे आणि त्यानुसार काम बदलून द्यावे लागते.

वरिष्ठ म्हणाले, ‘चांगल्या जोडाचीच फिल्म दोनदा घे आणि नंबर बदल,’ तर काय करावे?

हा प्रश्न विद्यार्थी दबक्या आवाजात विचारतात, म्हणून येथे उघडपणे उत्तर देतो. घेऊ नये. वेल्डच्या वरच्या थरातील लाटा, उडालेले शिंतोडे आणि कडेचे खाचे प्रत्येक जोडाला बोटाच्या ठशासारखे वेगळे असतात. दोन फिल्म एकावर एक ठेवून व्ह्यूअरवर धरल्या की जाणत्या निरीक्षकाला ही लबाडी काही सेकंदांत कळते, आणि फिल्म वर्षानुवर्षे जपून ठेवली जाते, त्यामुळे ती नंतर कधीही उघडकीस येऊ शकते. अहवालावर सही आपली असते, वरिष्ठांची नव्हे. अशा वेळी शांतपणे सांगावे की ज्याची फिल्म राहिली आहे तो जोड आज होणार नसेल तर अहवालात ‘तपासणी बाकी’ लिहू. त्या दोन शब्दांना कोणतीही संहिता हरकत घेत नाही. तरीही दबाव आला तर ग्राहकाच्या निरीक्षकाकडे किंवा आपल्या तिसऱ्या पातळीच्या तज्ज्ञाकडे लेखी नोंद करावी आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी.